स्वस्तातला मिनी लॅपटॉप : घ्यावा की मोह आवरावा?

जुळारीण

नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला हवा आहे.

सध्याचा लॅपटॉप १५.६ इंची, वजन सव्वादोन किलो, चार्जरची वीट वेगळी. घरी टेबलावर उत्तम चालतो, तक्रार नाही. पण आठवड्यातले तीन दिवस मी फिरतीवर असते आणि उजवा खांदा आता बोलायला लागलाय. काम मुद्रितशोधनाचं. पीडीएफ उघडायची, ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, खुणा करायच्या, मध्येच लेखकाला चार ओळींची मेल टाकायची. गेम खेळत नाही, व्हिडिओ जोडत नाही.

दोन पर्याय डोक्यात आहेत. पहिला १०.५ इंची, पूर्ण मागे दुमडणारा, इंटेल एन१०० प्रोसेसर, १२ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. कंपनीचं नाव मी आधी कधी ऐकलेलं नाही. दुसरा ११.६ इंची, ओळखीच्या कंपनीचा, सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीऐवजी स्वस्तातली साठवणूक). किमती लिहीत नाही, त्या रोज बदलतात. पहिला मधल्या फळीतल्या फोनच्या भावात बसतो आणि दुसरा त्याच्या निम्म्यात, एवढं समजा.

कोणी वापरलाय का? की चार दिवसांची हौस होऊन कपाटात जातो?

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो. मी दोन वर्षं हाच विचार करतोय. फक्त विचार.

स्पष्टोक्ती

दुसरा पर्याय घेऊ नका. पूर्णविराम

कारण सांगतो. ६४ जीबी लिहिलेले असतात, विंडोजला दिसतात ५९-६०. त्यातले पंचवीस-तीस विंडोज स्वतःच खाते. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा अशी आहे, म्हणजे हा लॅपटॉप बरोबर उंबऱ्यावर उभा आहे. उंबऱ्यावर उभं राहून राहता येत नाही. एन४०२० हा २०१९ चा दोन कोअरचा प्रोसेसर. त्यावर ब्राउझरचे पाच टॅब उघडून बघा, मग सहावा उघडायची हिंमत होणार नाही. आणि रॅम, ईएमएमसी दोन्ही बोर्डावर डाग देऊन बसवलेले. पुढे वाढवू म्हणाल तर वाव नाही. ईएमएमसी गेला तर बोर्ड गेला.

अनुभवाचे बोल आहेत. टाळेबंदीत भाच्याच्या वर्गांसाठी असाच एक घेतला होता, तो तर ३२ जीबीचा. पहिले दोन महिने ठीक. मग विंडोजचा मोठा अपडेट आला. त्याला जागा हवी, जागा नाही. पेनड्राइव्ह लावून दिला. रात्रभर टक्के वाढत गेले आणि सकाळी पडद्यावर काय? बदल मागे घेत आहोत. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. पोरगा वर्गाला उशिरा जायचा आणि बाईंना सांगायचा, "लॅपटॉप अजून मागे घेतोय."

सायली_उवाच

हाहाहा, 'अजून मागे घेतोय' भारी आहे. मी शिकवते, त्यामुळे मला ही सबब खरी असल्याचं ठाऊक आहे :)

माळ्यावरचा

या विषयावर मला बोलायचा ज्येष्ठतेने हक्क आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

२००७ मध्ये आसुसचा ईईई पीसी ७०१ आला आणि मी घेतला. ७ इंची पडदा, ८०० बाय ४८० पिक्सेल, ५१२ एमबी रॅम आणि साठवणूक ४ जीबी. छपाईची चूक नाही, चारच. प्रोसेसर ९०० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन, पण चालायचा ६३० वर. वजन किलोच्या आत. ज्याच्या हातात द्यावा तो आधी हसायचा आणि मग परत द्यायला कुरकुरायचा.

खरा त्रास पडद्याच्या उंचीचा होता. त्या काळच्या प्रोग्रॅमांच्या खिडक्या निदान ६०० पिक्सेल उंची गृहीत धरून बनवलेल्या. त्यामुळे 'ओके'चं बटण पडद्याच्या खाली, जमिनीत गाडलेलं. टॅब किती वेळा दाबला की 'ओके'वर पोचतो, ते मी पाठ केलं होतं. प्रिंटच्या खिडकीत सात. सात वेळा टॅब, मग एंटर, मग देवाचं नाव.

२००८ मध्ये इंटेलचा अ‍ॅटम आला आणि सगळ्या कंपन्यांनी असले 'नेटबुक' काढले. पुढे विंडोज ७ ची 'स्टार्टर' आवृत्ती त्यावर यायची, तिच्यात डेस्कटॉपचं चित्रसुद्धा बदलता येत नसे. २०१० मध्ये आयपॅड आला, आणि २०१२ संपता संपता मोठ्या कंपन्यांनी नेटबुकांचा गाशा गुंडाळला.

माझा अजून माळ्यावर आहे. चालू होतो. चालू झाल्यावर पुढे काय करायचं ते त्यालाही सुचत नाही आणि मलाही.

रिकामटेकडा

आयडीचं रहस्य उलगडलं!

पानापक्कड

माळ्यावरचा, तुम्ही माळ्यावर ठेवलात. आमचा रोज शॉप फ्लोअरवर असतो.

पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) जोडायला जुनं १० इंची नेटबुक वापरतो. अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम, विंडोज एक्सपी. मशिनीचं सॉफ्टवेअर एक्सपीच्या पलीकडे चालत नाही आणि मशीन बदलायला मालक तयार नाही. यूएसबीला आरएस-२३२ चा (जुन्या सीरियल पोर्टचा) कन्व्हर्टर लावतो आणि पॅनेलच्या दारात, एका हातावर नेटबुक तोलून, दुसऱ्या हाताने टाइप करतो. १५ इंची घेऊन हे करून दाखवा. इंटरनेटला कधीच जोडत नाही, त्यामुळे व्हायरसचीही फिकीर नाही. कोपऱ्यावर दोनदा पडलंय, बिजागरीला अ‍ॅरल्डाइट लावलंय.

एकच काम ठरवून दिलं तर ही पोरं म्हातारपणीही राबतात.

जुळारीण

वा, पटापट उत्तरं आली. स्पष्टोक्ती, दुसरा पर्याय बाद केला. 'उंबऱ्यावर उभं राहून राहता येत नाही' हे वाक्य उसनं घेतेय.

आता पहिल्याबद्दल सांगा. एन१०० कसा आहे? आणि अनोळखी कंपनी म्हणजे जुगार का?

हिशेबनीस

एन१०० चांगला आहे. २०२३ च्या सुरुवातीला आला, चार कोअर, ६ वॉटचा. एन४०२० शी तुलना करणं म्हणजे बैलगाडी आणि दुचाकी. पीडीएफ, ऑफिस, ब्राउझरचे दहा-पंधरा टॅब निवांत. पण दुचाकीच आहे, ट्रक नव्हे.

जाहिरातीतला बॅटरीचा आकडा मात्र नीट वाचा. एक म्हणतो १०,००० एमएएच, दुसरा म्हणतो ५,०००. आपल्याला वाटतं पहिला दुप्पट चालेल. पण पहिल्याचं व्होल्टेज ३.८ असेल आणि दुसऱ्याचं ७.६, तर गुणाकार दोन्हीकडे ३८ वॉट-तासच. एमएएच विसरा, वॉट-तास बघा. एवढासा लॅपटॉप साध्या कामाला सरासरी ६ ते ८ वॉट ओढतो असं धरा. ३८ भागिले ७, म्हणजे साडेपाच तासांच्या आत. जाहिरातीत '१२ तास' लिहिलं असेल तर ते पडदा मिणमिणता ठेवून आणि वायफाय बंद करून कोणीतरी नुसतं त्याच्याकडे बघत बसल्यावर मिळतात.

दुसरी गोष्ट चार्जरची. यूएसबी-सी भोक आहे म्हणजे कुठलाही चार्जर चालेल असं नाही. काही स्वस्त लॅपटॉप फक्त सोबत आलेल्या १२ व्होल्टच्या चार्जरवरच चालतात, कारण व्होल्टेजची बोलणी करणारी पीडीची सोय त्यात धड केलेली नसते. फोनच्या ६५ वॉटच्या चार्जरवर चार्ज होतो का, हे विकत घेण्याआधी कोणाला तरी विचारा. नाहीतर एक वीट जाऊन दुसरी वीट पिशवीत.

खोडरबर

सगळे मिनी-मिनी करताहेत म्हणून विरोधी पक्षात बसतो.

ताई, नवा स्वस्त घेण्याऐवजी जुना महाग घ्या. कंपन्या दर तीन-चार वर्षांनी ऑफिसचे लॅपटॉप काढून टाकतात, ते दुरुस्त होऊन परत बाजारात येतात. १२.५ इंची बघा. थिंकपॅडची एक्स मालिका, डेलचे लॅटिट्यूड ७००० मालिकेतले छोटे. वजन सव्वा किलोच्या आसपास. कीबोर्ड पूर्ण मापाचा, बिजागरी लोखंडी, एसएसडी बदलता येते. फक्त प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. विंडोज ११ त्याच्या खालचे घेत नाही आणि विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एक्स२७० मोहात पाडेल, पण तो त्या रेषेच्या अलीकडे राहतो. एक्स२८० चालेल, पण त्यात रॅम डाग दिलेली, त्यामुळे ८ किंवा १६ जीबीचाच घ्यायचा. लॅटिट्यूड ७२९० मध्ये रॅमचा खाचा आहे.

अनोळखी कंपनीचा नवा लॅपटॉप बिघडला तर सुटे भाग कुठून आणणार? थिंकपॅडचा कीबोर्ड दहा वर्षांनीही मिळतो.

स्पष्टोक्ती

खोडरबर यांना +१. बाडीस (बाय डीफॉल्ट सहमत).

सायली_उवाच

पण खोडरबर, सव्वा किलो अधिक चार्जर म्हणजे ताईंचा खांदा परत बोलणारच ना? आणि जुन्याची बॅटरी आधीच दमलेली असते. माझ्या नवऱ्याने घेतला, पहिल्या दिवशी 'बॅटरी ९४ टक्के तंदुरुस्त' दाखवत होता, तिसऱ्या महिन्यात बैठकीत गचका खाऊन बंद.

क्रोमबुकचा विचार केलाय का? वर्गात आमची तीच आहेत. ४ जीबीवरही बरी पळतात, कारण आत ब्राउझरपलीकडे फारसं काही नसतं. २०२१ पासून पुढे आलेल्यांना दहा वर्षं अपडेट मिळतात. मेख अशी की दहा वर्षं मोजायची ती त्या जातीचं मशीन पहिल्यांदा बाजारात आल्यापासून, तुम्ही पिशवीत घातल्यापासून नव्हे. बाहेरच्या खोक्यावर तारीख नसते, सेटिंगमध्ये असते.

जुळारीण

क्रोमबुक नको. प्रकाशकाची फाँटची भानगड आहे. जुन्या फाँटातल्या फायली येतात, त्या विंडोजवरच धड उघडतात. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली तरी काहींच्या घरी ते अजून पोचायचंय.

माळ्यावरचा

फाँटवर आलात तर हा धागा पाचशेवर जाईल. मी पाणी भरून आणतो.

गुलबक्षी

मी एकदा फार हौसेने ७ इंची मिनी लॅपटॉप घेतला होता, २०१० च्या सुमाराला. जाहिरातीत 'विंडोज' लिहिलेलं आणि भाव इतका कमी की विचारायलाही लाज वाटावी. गुलाबी रंगाचा. घरी आल्यावर कळलं, आत विंडोज सीई आहे. म्हणजे नावाला विंडोज, पण माझ्या कामाचा एकही प्रोग्रॅम त्यावर चढेना. रॅम १२८ एमबी. ब्राउझर उघडायला घेतला की मी केस विंचरून यायचे. व्हिडिओ लावला तर आवाज पुढे आणि चित्र मागून, पायी.

शेवटी भाची त्यावर 'ऑफिस ऑफिस' खेळायची. ती मात्र खूश होती.

रिकामटेकडा

'चित्र मागून, पायी' =)) दंडवत घ्या.

टॅबवाला

एक साधा प्रश्न. टॅबलेट आणि ब्लूटूथ कीबोर्ड घेतला तर? पडदा चांगला, बॅटरी दहा तास, पेनाने पीडीएफवर थेट खुणा.

स्पष्टोक्ती

टेबल असेल तर छान. मांडीवर टॅबलेट-कीबोर्ड ठेवून गाडीत टाइप करून बघा. पडदा मागे कलंडतो, मग आपण गुडघ्याने त्याला टेकू देतो, मग पाठ वाकते.

टॅबवाला

मान्य. मी गुडघेवाल्यांतलाच आहे.

पेंग्विनप्रेमी

एवढा वेळ कोणी लिनक्सचं (विंडोजऐवजी घालता येणाऱ्या फुकट प्रणालीचं) नाव काढलं नाही म्हणून गप्प होतो. आता राहवत नाही.

ताईंना विंडोज हवंय ते कळलं, पण बाकीच्यांसाठी. घरात जुना मिनी पडला असेल तर टाकू नका. एमएक्स लिनक्स किंवा लुबुंटू घाला, २ जीबी रॅममध्येही टायपिंगपुरता जिवंत होतो. फक्त २०१४-१५ चे अ‍ॅटम झेड३७३५एफ वाले मिनी असतील तर सावध. प्रोसेसर ६४ बिटी, पण यूईएफआय (लॅपटॉप चालू करणारं आतलं सॉफ्टवेअर) ३२ बिटी. आम्ही दोन रात्री पेनड्राइव्ह बदलून बदलून थकलो, त्याला ती दिसेचना. तिच्यात 'बूटआयए३२' नावाची एक छोटी फाइल टाकली आणि पठ्ठ्या लगेच उठून बसला. आणि ज्यांचा प्रोसेसरच ३२ बिटी आहे त्यांनी जरा लगबग करा. डेबियन या लिनक्सनेसुद्धा १३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२५ पासून, त्यांचा इन्स्टॉलर देणं बंद केलंय.

दुसरं, अनोळखी कंपनीचा मिनी घेतलात तर आलेलं विंडोज पुसून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेलं कोरं विंडोज घाला. आत आधीपासून कोण राहतंय ते आपल्याला काय माहीत. पण पुसण्याआधी ड्रायव्हरांचं फोल्डर बाजूला काढून ठेवा. नाहीतर टचस्क्रीन उलटी चालेल. डावीकडे बोट लावलं की उजवीकडे क्लिक. विचारू नका कसं माहीत.

सूक्ष्मजीव

मी हे मिनीवरून लिहीत आहे. मला हा लहानगा फार पसंत आहे. वजन कमी, आवाज नाही, खिशात मावतो. काही अक्षरं गाळली आहेत, ती ओळखा.

रिकामटेकडा

काय ओळखायचं? मला तर बरोबर वाटतंय सगळं.

जुळारीण

च, ट, ड, य. आणि अर्थात छ, ठ, ढ. एकही नाही. पेशाच आहे माझा :)

पण थांबा. ही तर सगळी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमांडणीतली उजव्या कडेची अक्षरं!

सूक्ष्मजीव

ताई, तुम्हाला मानलं. आता फोनवरून लिहितोय.

बरोबर. इनस्क्रिप्टमध्ये च सेमिकोलनवर, ट शेजारच्या अवतरणचिन्हावर, ड चौकटी कंसावर आणि य तिरक्या रेघेवर. इंग्रजीवाल्यांना या कळा क्वचित लागतात. त्यामुळे मिनी बनवणारा जागा कमी पडली की आधी त्यांच्यावर सुरी चालवतो. माझ्या आठ इंचीत या चारही कळा एफएनची जोडकळ दाबल्याशिवाय मिळत नाहीत. ॉ सुद्धा त्यातच. म्हणजे लॅपटॉपवर 'लॅपटॉप' लिहायला दोनदा एफएन. 'त्याच्याच' लिहायला चार वेळा, मोजून बघा. आणि मराठीत 'त्या', 'ज्या', 'माझ्या' टाळून कुठे जाणार?

कीबोर्डचे रिव्ह्यू बघताना लोक 'टायपिंगला बरा आहे' म्हणतात. ते इंग्रजीचं म्हणतात हो.

हिशेबनीस

हा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. मी फोनेटिकवाला, मला क ला के. तुम्ही लोक कसे जगता!

जुळारीण

माझा तर कणा मोडला. मी इनस्क्रिप्टवालीच आहे, गेली पंधरा वर्षं. फोनेटिकने लिहायला बसले की डोक्यात आधी इंग्रजी अक्षर येतं आणि मग मराठी, ते मला सोसत नाही.

१०.५ इंचीचा फोटो आता मोठा करून बघितला. सेमिकोलन आणि अवतरणचिन्ह आहेत, अरुंद आहेत. चौकटी कंस आहे. तिरकी रेघ निम्म्या रुंदीची, वरच्या बाणाच्या कुशीत दडपलेली. म्हणजे य लिहायला गेले की कर्सर वरच्या ओळीत.

पेंग्विनप्रेमी

यावर उपाय आहे, घाबरू नका. विंडोजवर पॉवरटॉइज नावाची मायक्रोसॉफ्टचीच फुकट हत्यारपेटी मिळते. त्यात कीबोर्ड मॅनेजर आहे. एक कळ दुसरीच्या जागी नेमता येते. कॅप्स लॉकला तिरक्या रेघेचं काम द्या, झाला य. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीतच, ती कळ नाहीतरी आयुष्यभर बसून खाते. तिला कामाला लावा.

सूक्ष्मजीव

च्यायला! तीन वर्षं मी एफएन दाबतोय.

(हे 'च्यायला' कॅप्स लॉकने लिहिलंय. च ला मात्र अजून एफएनच.)

माळ्यावरचा

अवांतर : माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. लाकडी खणांची केस असायची, हाताशी सगळ्यांत जवळ का, र, त असले रोजचे खिळे, आणि ढ, ञ पार कोपऱ्यात. कोणाला तरी तेव्हा कळत होतं की कुठलं अक्षर किती लागतं. जुळारीण हा आयडी बघूनच मी या धाग्यात आलो होतो, खरं सांगायचं तर.

जुळारीण

माझे आजोबाही खिळेच जुळवायचे. म्हणूनच तो आयडी. यावर वेगळा धागा काढा, मी पहिला रुमाल टाकते.

सुईदोरा

उशिरा आले. स्वस्त मिनीबद्दल एक गोष्ट कोणी लिहिली नाही. टचपॅड एका बाजूने वर आला, क्लिक घट्ट झालं किंवा झाकण नीट मिटेना, तर 'जुना झाला' म्हणून दाबून मिटू नका. खाली बॅटरी फुगलेली असते. माझ्या मिनीत हेच झालं, मी दोन आठवडे त्यावर पुस्तक ठेवून 'सरळ' करत होते. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं तेव्हा बॅटरी उशीसारखी. वापर थांबवायचा, चार्जिंगला लावायचा नाही, बॅटरी काढून घ्यायची. आणि सतत चार्जरला जोडून गरम ठेवू नका.

खोडरबर

बापरे. पुस्तक ठेवून!

आणखी एक. या मागे दुमडणाऱ्या मिनींत पडदे बरेचदा टॅबलेटचे, म्हणजे मुळात उभे असतात. विंडोज त्यांना आडवं करून दाखवतं. पण बायोस (विंडोजच्या आधीचं सेटिंगचं पान) उघडलं की खरा स्वभाव दिसतो, सगळं नव्वद अंशांत. मान वाकडी करून बायोस वाचावं लागतं. या असल्या जुगाडाला लॅपटॉप म्हणायचं का, हा माझा मूळ प्रश्न आहे.

रिकामटेकडा

मग ताई, काय ठरलं? माझा निर्णय तुमच्यावर अवलंबून आहे.

जुळारीण

तीन आठवड्यांनी परत येतेय, उशिराबद्दल माफी.

एका सहकाऱ्याकडे तोच १०.५ इंची निघाला. चार दिवस मागून घेतला. पहिल्या दिवशी ठरवलं होतं, परत द्यायचा. 'चटकन यायचंय' एवढं लिहिताना चार चुका. पॉवरटॉइजने कॅप्स लॉकवर य आणला, तेव्हा बरं झालं, पण च आणि ट मध्ये करंगळी अडकते ती अडकतेच. रात्री खोडरबर यांनी सांगितलेले १२.५ इंची शोधत बसले होते.

दुसऱ्या दिवशी गाडीत जागा नव्हती. उभ्याने काय टाइप करणार, म्हणून तो मागे दुमडला आणि पुस्तकासारखा उभा धरला. पीडीएफ पान पडद्यावर भरून बसलं आणि मी बघतच राहिले. घरी येऊन फूटपट्टी लावली. पडद्याची रुंदी साडेपाच इंच, उंची नऊला थोडी कमी. डेमी या पुस्तकी आकाराचं पान असतं साडेपाच बाय साडेआठ. म्हणजे वाचक हातात धरेल त्याच मापाचं पान! माझ्या १५.६ इंचीची उंची साडेसात इंचांच्या जरा वर आहे, तिथे खऱ्या मापात खालच्या चार-पाच ओळी कायम कापलेल्या. इतकी वर्षं मी एकतर पान बारीक करून वाचत होते, नाहीतर अर्धं अर्धं. पानाच्या तळाशी एकटी पडलेली ओळ, दोन परिच्छेदांतलं कमीजास्त अंतर, हे सगळं कागदाची प्रत आल्यावरच दिसायचं. त्या दिवशी गाडीत, एका हाताने कडी धरून, तळाला लोंबणाऱ्या तीन ओळी सापडल्या.

आणि खोडरबर, पडदा मुळात उभाच असतो हे तुम्ही टोमणा म्हणून लिहिलं होतं. मी त्याला आता उभाच वापरते.

तर घेतला. टायपिंग घरी मोठ्यावर, वाचन आणि खुणा यावर. तक्रारी : बॅटरी हिशेबनीस म्हणाले त्याहून कमी, साडेचार तास. कीबोर्डची डावी बाजू तापते. स्पीकर डबीत बंद केल्यासारखा. फोनच्या चार्जरवर चार्ज होतो, आधी विचारून घेतलं होतं. विंडोज कोरं घातलं, ड्रायव्हर आधी काढून ठेवले. खांदा सध्या गप्प आहे.

टॅबवाला

म्हणजे शेवटी टॅबलेटच घेतलात की! मी काय म्हणत होतो?

जुळारीण

टॅबवाले, त्या जुन्या फाँटाच्या फायली टॅबलेटवर उघडून द्या, तुमचंही ऐकते.

खोडरबर

हरलो. पण तो बिघडला की सुटे भाग शोधताना माझी आठवण काढा.

पानापक्कड

त्याला यूएसबी-ए आहे का? आमच्याकडचं नेटबुक कधीतरी जाणार.

जुळारीण

एक आहे. डाव्या बाजूला, तापते तिथेच.

रिकामटेकडा

मी अजून विचार करतोय.

स्पष्टोक्ती

अभिनंदन ताई. मुद्रितशोधकाच्या धाग्यात लिहिताना हात कापत होते. काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

जुळारीण

फार काही नाही. पहिल्या प्रतिसादात तुम्ही 'पूर्णविराम' लिहिलाय आणि पुढे पूर्णविराम द्यायचा राहिलाय, तेवढं सोडलं तर.